आपण जिंकलो, ते हरले

आमच्या ग्रुपवर माझे दोन मेसेज अजून तसेच आहेत. त्यांच्यात पाच दिवसांचं अंतर आहे. पहिला: "आपण जिंकलोओओओ." पुढे चार मशाली आणि एक वाघ. दुसरा: "काय भिकार खेळले हे लोक आज." पुढे काहीच नाही, एक पूर्णविराम. एरवी मी चॅटमध्ये पूर्णविराम देत नाही.

दोन्ही मेसेज एकाच टीमबद्दल होते. तेच सहा जण, तोच निळा टी-शर्ट, तोच लिफ्टर. मंगळवारी ते 'आपण' होते आणि रविवारी 'हे लोक' झाले. मधल्या पाच दिवसांत त्यांचं कॉलेज बदललं नव्हतं, माझंही नाही.

खारी म्हटलं की लोकांना चहात बुडवायची बेकरीतली खारी आठवते, नाहीतर कळव्याचं खारेगाव. आमचं खारी भाईंदर पूर्वेचं, बी. पी. रोडच्या आसपासचं. एकेकाळी सरळ गावच होतं. आता इमारतींच्या मधे शिल्लक राहिलेली घरं, तलाव आणि रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता एवढंच गावपण उरलंय. कॉलेजच्या टीममधले तिघे इथलेच, म्हणून आम्ही दहाबारा जण ती टीम आपली मानायचो. तिकीट नव्हतं, गॅलरी नव्हती. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायचं, मग वडापाव खाऊन घरी.

गेल्या वर्षीचा सीझन ज्यांनी पाहिला त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना समजावता येत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत वसईकडच्या एका तगड्या कॉलेजला हरवलं. हे आमचं मंगळवारचं यश. पुढच्या फेरीत ज्यांच्याकडे धड बदली खेळाडूही नव्हते अशांकडून हरलो. मग गावातल्या रात्रीच्या, प्रकाशझोतातल्या एका स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलो, आणि तिथे 20–14 अशी आघाडी असताना सेट घालवला. 20–14! व्हॉलीबॉल बघणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग तुमच्या खांद्यावर हात ठेवतो.

सतत हरणाऱ्या टीमचा त्रास होत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. सतत हरणारी टीम बघायला आपण मजा म्हणून जातो. राग येतो तो अधूनमधून अप्रतिम खेळणाऱ्या टीमचा. मंगळवारी तुम्हाला काय शक्य आहे ते दाखवायचं आणि रविवारी ते काढून घ्यायचं. ही फसवणूक आहे असंच आतून वाटतं. वाटतं खरं, पण फसवतंय कोण आणि कुणाला, ते सांगता येत नाही.

मला वाटतं गोंधळ इथे आहे: टीमचा सगळ्यात चांगला दिवस हाच तिचा खरा दिवस, असं आपण गृहीत धरतो. मंगळवारची टीम खरी, रविवारची टीम म्हणजे मंगळवारच्या टीमने केलेला आळस. हे तर्कशास्त्र आपण फार लहानपणी शिकलेलो असतो. प्रगतिपुस्तकावर, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, प्रत्येक मराठी मुलाबद्दल एकदा तरी हे वाक्य बोललं गेलेलं असतं: "हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही." म्हणजे एकदा गणितात नव्वद पडले की ते नव्वद हा तुमचा पत्ता झाला. पुढच्या परीक्षेत साठ पडले तर ते तुमचे मार्क नाहीत, तो तुम्ही घरच्यांचा केलेला विश्वासघात. दोन्ही वेळा पेपर तुम्हीच लिहिलेला असतो, आणि कदाचित तुमची खरी जागा पंचाहत्तरच्या आसपास कुठेतरी असते, ही शक्यता कुणी बोलून दाखवत नाही. कारण त्यात आशा नाही.

हे आपल्याच टीमचं होतं असंही नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांच्या व्हॉलीबॉल संघाने दक्षिण कोरियाला हरवलं. तीन वेळा सुवर्ण जिंकलेला, त्याआधीच्या स्पर्धेत रौप्य मिळवलेला कोरिया. पाच सेट, शेवटचा 17–15. आम्ही फोनवर बघत होतो, बफरिंग होत होतं, एकाच्या फोनवर पॉइंट आधी दिसायचा आणि तो ओरडला की आम्हाला कळायचं. भारताला या खेळात आशियाई पदक मिळालं होतं ते शेवटचं 1986 मध्ये, सोलला, कांस्य. आमच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता, तरी त्या रात्री "आता पदक येणार" हे इतकं सहज ठरलं की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. मग चिनी तैपेईलाही हरवलं. मग जपानकडून सरळ तीन सेटमध्ये हार. मग पाचव्या क्रमांकासाठी पाकिस्तानकडून, पुन्हा सरळ तीन सेटमध्ये. सहावा क्रमांक. आठवडाभरात आमच्यातल्याच एकाने जाहीर केलं की या देशात व्हॉलीबॉलचं काही होऊ शकत नाही. कोरियाविरुद्धची ती 17–15 त्याच्याच स्टेटसला होती.

शांतपणे बघितलं तर तो फार चांगला आठवडा होता. सहाव्या क्रमांकाच्या संघाने एक मोठा सामना काढला. पण आपण उलट वाचलं: पदकाच्या लायकीच्या संघाने सहावा क्रमांक आणला.

आता 'आपण' आणि 'हे लोक' यांच्याकडे येतो. रॉबर्ट सियाल्डिनी नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1976 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सात विद्यापीठांत पाहिलं की शनिवारी कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर सोमवारी वर्गात कॉलेजच्या नावाचे कपडे घालून येणारी मुलं वाढतात. फोन करून विद्यार्थ्यांना सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याबद्दल सांगताना 'वी' जास्त यायचं, हरलेल्याबद्दल सांगताना कमी. दुसऱ्याच्या उजेडात ऊन खात बसणं, असं काहीतरी नाव त्यांनी त्याला दिलं. वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे हा माझा एकट्याचा हलकटपणा नव्हता.

पण इंग्रजीत प्रश्न अर्धाच दिसतो, कारण तिथे 'वी' एकच. मराठीत दोन आहेत. 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आत. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा बाहेर. आम्ही कडेला उभं राहून "आपण जिंकलो" म्हणत होतो, तेव्हा मैदानातले सहा जण त्यांच्या सरांना काय म्हणाले असतील? "सर, आम्ही जिंकलो." त्या 'आम्ही'त मी नव्हतो. माझ्या 'आपण'मध्ये मात्र ते सगळे होते, त्यांना न विचारता. आणि रविवारी मी त्या 'आपण'मधून बाहेर पडलो, तेव्हाही त्यांना विचारलं नाही. भाडेकरूने पाऊस गळायला लागल्यावर घर सोडावं तसं. भाडेकरू निदान नोटीस देतो.

रविवारचा सामना नीट सांगायला हवा. कारण त्यात मी जे केलं त्यावरून हे लिहायला बसलोय.

आमचा लिफ्टर — पुस्तकात आणि टीव्हीवर सेटर म्हणतात, मैदानावर लिफ्टरच — उंचीने कमी, हाताने हुशार. दुसरा टच त्याचा. पहिला टच कितीही वाईट आला तरी त्याखाली धावत जाऊन स्मॅशरला मारता येईल असा बॉल उचलून द्यायचा, हे त्याचं काम. काम चांगलं झालं की टाळ्या स्मॅशरला. वाईट झालं की शिव्या लिफ्टरला. तो एरवी साधी सर्व्हिस करायचा, पण मंगळवारी त्याने उडी मारून सर्व्हिस करायला सुरुवात केली आणि सलग पाच पॉइंट काढले. समोरच्यांना बॉल उचलताच येईना. आम्ही वेडे झालो होतो.

रविवारी तिसरा सेट, 13–13. फिरत फिरत सर्व्हिस त्याच्याकडे आली. तो मागे गेला, तीन पावलं जास्त मागे, म्हणजे पुन्हा उडीची सर्व्हिस. मी ओरडलो, "आता बघ, नेटमध्ये मारणार!" गंमत म्हणून. कडेची पोरं हसली. बॉल नेटमध्ये गेला. 13–14. पुढच्या रॅलीत त्याने बॉल नेटच्या फार जवळ उचलला, आमचा स्मॅशर ब्लॉक झाला आणि सामना संपला.

त्या सर्व्हिसचा माझ्याकडे व्हिडिओ होता. माझा आवाज, मग बॉल नेटमध्ये, मग हशा, अगदी टायमिंगने. नऊ सेकंद. मी तो ग्रुपवर टाकला. तिथून तो कॉलेजच्या दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून कुणीतरी त्याला सर्कशीचं संगीत लावलं आणि तो फिरत फिरत परत माझ्याकडे आला. रात्री साडेअकराच्या सुमारास ग्रुपवर राखाडी अक्षरांत एक ओळ आली, लिफ्टरने ग्रुप सोडल्याची. त्याखाली कुणीतरी हसणारा चेहरा टाकला. मी नाही. पण मी काही म्हटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका काकांना हा सामना सांगितला. त्यांच्या तरुणपणी मिठागरांच्या कडेच्या सपाट जागेवर दोन बांबू रोवून व्हॉलीबॉल खेळायचे, नेट म्हणून मासेमारीचं जुनं जाळं. सर्व्हिसचं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याचा पॉइंट गेला?" मी म्हटलं हो, जाणारच. ते म्हणाले, "आमच्या वेळी सर्व्हिस फक्त जायची. पॉइंट नाही."

हे मला माहीत नव्हतं. जुन्या पद्धतीत पॉइंट मिळायचा तो फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. तुमची सर्व्हिस नेटमध्ये गेली तर सर्व्हिस समोर जायची, गुणफलक जागचा हलायचा नाही. सामने लांबत, टीव्हीवाल्यांची वेळ जुळत नसे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय पातळीवर पद्धत बदलली आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट आला. तेव्हापासून या खेळात फुकट चूक उरली नाही. बॉल पकडता येत नाही, थांबून विचार करता येत नाही, तीन टचमध्ये पलीकडे गेलाच पाहिजे. आणि जागा फिरत राहतात, त्यामुळे लिबेरो सोडला तर कुणाला लपवता येत नाही. क्रिकेटमध्ये अकराव्या नंबरचा फलंदाज पॅड बांधून प्रार्थना करत बसू शकतो. इथे 13–13 ला सर्व्हिस ज्याच्याकडे येईल त्याच्याकडे येते.

त्याने साधी सर्व्हिस करायला हवी होती, हे माझं आजही मत आहे. पण साधी सर्व्हिस केली असती तर मंगळवारही झाला नसता. ज्या उडीने सलग पाच पॉइंट काढले तीच उडी नेटमध्ये गेली. हात तोच, धाडस तेच, उंचीत वीतभर फरक. मला मंगळवार हवा होता आणि रविवार नको होता, आणि ते दोन्ही एकाच पिशवीत येतात हे मान्य नव्हतं. सातत्य हवं असेल तर उंच उडू नका असं सांगावं लागतं. ते सांगायला कुठला फॅन तयार आहे?

माझ्या बाजूनेही काही बोलतो, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती माफी होईल. नाराजी हा काही गुन्हा नाही. जो ओरडतोय तो निदान आलेला तरी आहे. भाईंदरहून सकाळी चर्चगेट लोकल पकडणारा माणूस रोज रेल्वेला शिव्या देतो आणि रोज तीच गाडी पकडतो. त्याच्या शिव्यांत एक प्रकारची निष्ठा असते, हे नाकारता येत नाही. ज्याला फरक पडत नाही तो गप्प असतो. मग मैदानावर हुर्यो उडवणं म्हणजे प्रेमच की, फक्त आवाज वेगळा?

वानखेडेवर 1 एप्रिल 2024 ला काय झालं ते आठवा. रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला मुंबई इंडियन्सचा कर्णधार केलं होतं. घरच्या मैदानावरचा पहिला सामना, राजस्थानविरुद्ध. नाणेफेकीला हार्दिकचं नाव घेतल्यावर स्टेडियमने हुर्यो उडवली. संजय मांजरेकरने माइकवरून लोकांना नीट वागायला सांगितलं, तर आवाज वाढला. निर्णय संघमालकांचा होता, पण ते नाणेफेकीला उभे नव्हते. हार्दिक उभा होता. त्या वर्षी मुंबई दहा संघांत दहावी आली. मग 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटच्या षटकात 16 धावा हव्यात आणि बॉल हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर मिलर गेला, सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल. भारत सात धावांनी जिंकला. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र, आणि त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक".

आमच्यातले दोघे दोन्ही वेळा तिथे होते. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही. एकजण म्हणाला, "तेव्हा तो हरत होता, आता त्याने जिंकून दिलं. साधं आहे." त्याचं म्हणणं मी फेकून देणार नाही. कोट्यवधी रुपये घेणारा, लिलावाच्या भाषेत ज्याची खरेदी होते असा खेळाडू, आणि हजारो रुपये तिकिटाला घालणारा प्रेक्षक. यात बाजारासारखं काहीतरी आहेच, आणि बाजारात गिऱ्हाईक कुरकुर करतं. नाटक पडलं तर प्रेक्षक खुर्च्या वाजवायचे, त्यालाही कुणी पाप म्हणत नसे. पण मग "आपण" म्हणायचं नाही. गिऱ्हाईक कधी "आपण छान इडली केली" असं म्हणतं का? एक तर तुम्ही गिऱ्हाईक आहात किंवा तुम्ही घरचे आहात. जिंकल्यावर घरचे आणि हरल्यावर गिऱ्हाईक, हा घोळ आहे. आणि आमच्या मैदानावर तर तिकीटही नव्हतं.

लिफ्टर मला पुढे तीनेक आठवड्यांनी भेटला. मी मुद्दाम गेलो नव्हतो, टपरीवर समोरासमोर आलो. तोवर मला कुणाकडून तरी कळलं होतं की तो भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला जातो, आणि त्या शनिवारी माल जायचा होता म्हणून रात्री दोनपर्यंत पॅकिंगला होता. मी तेच पकडलं. म्हटलं, "सॉरी यार. मला माहीत नव्हतं तू रात्रभर कामाला होतास. झोप नसताना कोण खेळणार."

मला वाटलं होतं तो नरमेल. तो चिडला. म्हणाला, "झोपेचं काय मधेच? मंगळवारच्या आधीपण कामाला गेलो होतो. सर्व्हिस मी नेटमध्ये मारली. टॉस चुकला माझा. तू ते कामाचं सांगत फिरू नकोस लोकांना."

मी म्हटलं, "अरे मी तुझ्याच बाजूने बोलतोय."

"माझ्या बाजूने नाही बोलत तू. मला बिचारा करतोयस. आधी जोकर केलास, आता बिचारा."

मग चहा पिऊन, जाता जाता: "तुला राग आला होता ना? मग मला येऊन बोलायचं. व्हिडिओ कशाला?"

याच्यावर मी बरेच दिवस विचार केला. पुढे एका मास्तरांमुळे पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा 1962 चा एक निबंध हाती आला, राग आणि स्वातंत्र्य यांबद्दलचा. जड आहे, मला निम्मा कळला. पण त्यातली एक गोष्ट थेट टपरीवरची होती. माणसांशी आपण दोन तऱ्हांनी वागतो, असं तो म्हणतो. एका तऱ्हेत आपण रागावतो, दुखावतो, कृतज्ञ होतो, माफ करतो, म्हणजे समोरच्याला आपल्यासारखाच जबाबदार माणूस धरतो. दुसऱ्या तऱ्हेत आपण त्याला कारणांचा गठ्ठा धरतो: झोप नव्हती, परिस्थिती तशी होती, त्याचा काय दोष. दुसरी तऱ्हा वरून दयाळू दिसते, आणि कधी कधी तीच योग्यही असते. पण ती कायमची लावली की माणूस आपल्यातून वजा होतो. त्याच्यावर रागवता येत नाही, तसंच त्याच्याशी भांडता येत नाही आणि त्याचं कौतुकही करता येत नाही. झोप नसल्याने रविवार झाला असेल तर मंगळवारही कशामुळे तरी झाला असेल, त्याच्यामुळे नाही. लिफ्टरने नेमकं हेच ओळखलं होतं. रविवारची सर्व्हिस माझी, असं तो म्हणत होता, कारण त्याला मंगळवारचे पाच पॉइंट सोडायचे नव्हते.

म्हणजे मी दोनदा चुकलो. हुर्यो उडवण्यात चुकलो हे सोपं आहे. माफी मागताना चुकलो हे मला अजून टोचतं.

मराठीत 'हक्काने रागावणं' असा एक प्रयोग आहे. आई हक्काने रागावते. जुना मित्र हक्काने शिवी देतो. ती शिवी ऐकून बरं वाटतं, कारण तिच्यात तुम्ही अजून आत आहात एवढं कळतं. म्हणजे राग हा प्रश्न नाही. प्रश्न तो हक्क कुठून येतो हा आहे. तिकिटाने येत नसावा. गावाच्या नावाने येत नसावा. कॉलेज एक असल्याने येतो का? कॉलेजात तर हजारो पोरं आहेत. "मेहनत करा, हरलात तरी चालेल, एवढंच मागणं आहे" असं म्हणणारे फॅन मला पूर्वी फार शहाणे वाटायचे. आता तेवढे वाटत नाहीत, कारण मेहनत दिसते कुठे? व्हॉलीबॉलमध्ये जो सूर मारून बॉल वाचवतो तो मेहनती दिसतो. जो आधीच योग्य जागी उभा होता, म्हणून ज्याला सूर मारावाच लागला नाही, तो आळशी दिसतो. कडेवरून बघणाऱ्याला यातला फरक कळायला बरंच काही माहीत असावं लागतं, आणि तेवढं माहीत असलेला माणूस सहसा एवढ्या मोठ्याने ओरडत नाही.

गीतेत कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही. फॅनचं बरोबर उलटं. कर्म शून्य, फळावर मात्र सातबारा. सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली म्हणून खारीचा वाटा म्हणतात. (आमच्या गावाच्या नावाचा त्या खारीशी संबंध नसावा. आजूबाजूला मिठागरं असलेल्या गावाला हे नाव का, ते सांगायला नको.) पण त्या खारीने निदान वाळूत लोळून अंग झटकलं होतं. सेतू अर्धा झाल्यावर काठावर बसून "हे वानर काय बांधतायत" असं म्हणाल्याचं कुठे ऐकलं नाही.

त्या भेटीनंतर काही दिवसांनी लिफ्टरचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "सकाळी सहाला प्रॅक्टिस असते. बॉल आणून द्यायला कोण नाही. येतो का." प्रश्नचिन्ह नव्हतं. मला वाटलं सूड आहे. कदाचित थोडा होताही. मी गेलो.

सकाळी सहाला तिथे पाचच जण होते. सहावा केटीचा पेपर म्हणून आला नव्हता. दोन बॉल, त्यातला एक हवा गेलेला. उडीची सर्व्हिस तो एकामागून एक मारत होता, मी गटाराच्या कडेहून बॉल आणून फेकत होतो. पहिल्या दिवशी मी उगाच मोजलं: चाळीसपैकी सतरा नेटमध्ये किंवा बाहेर. हा माणूस चाळीसपैकी सतरा चुकवतो आणि तरी 13–13 ला तीच सर्व्हिस निवडतो, हे कळल्यावर रविवारची चूक मला लहान वाटायच्या ऐवजी मोठी वाटली. मंगळवारचे पाच पॉइंटही मोठे वाटले. आणखी एक कळलं, जे कडेवरून कधीच दिसलं नव्हतं. त्या शेवटच्या रॅलीत बॉल नेटच्या जवळ गेला, कारण पहिला टचच तसा आला होता. त्याने तो पोहोचवला हेच अवघड होतं. मी त्याला हे बोललो. तो म्हणाला, "नाही, तो माझाच चुकला. पण बरं झालं तू पाहिलंस."

यंदा तिघे पास होऊन गेले. आमच्या गावातला आता टीममध्ये तो एकटाच, आणि शेवटचं वर्ष. कॉलेजच्या टीमचं हे एक असतं: ती कशी आहे हे कळेपर्यंत ती उरत नाही. नवीन पोरं उंच आहेत, पण एकमेकांच्या अंगावर धावतात, "माझा, माझा" म्हणतात आणि दोघांच्या मधे बॉल पडतो. काल मी एका पोरावर ओरडलो, हाक मार आधी म्हणून. त्याने वळून लिफ्टरकडे बघितलं, हा कोण असं. लिफ्टर हसला, काही बोलला नाही. पोराने पुढच्या बॉलला हाक मारली आणि तरीही तो सोडला.

तो व्हिडिओ मी माझ्या फोनमधून काढलाय. बाकीच्या फोनांत असेल. लिफ्टर ग्रुपवर परत आलेला नाही आणि मी त्याला ये म्हटलेलं नाही.

शनिवारी पहिला सामना आहे. संध्याकाळी मी ग्रुपवर वेळ आणि जागा टाकली. खाली एकाने विचारलंय, "यंदा कशी आहे टीम?" मी लिहिलं, "सर्व्हिस चांगली, रिसिव्ह कच्चा." त्याने विचारलं, "म्हणजे जिंकणार का?" मी टाइप करायला घेतलं, पहिला शब्द 'आपण' लिहिला, आणि मग सकाळी सहाचा अलार्म लावायचा राहिला होता तो लावला.